हँडपॅनचे सूर : ताण हलका करा, पण गोळी थांबवू नका

आमच्या वस्तीतल्या विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर रक्तदाब आणि साखर तपासण्याचे काम आम्ही करतो. मागच्या वेळी एक ताई रांगेतून पुढे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पट्टा बांधण्याआधीच म्हणाल्या, "मला आता गोळीची गरज नाही. मी ते वाजवायचे ऐकते ना, त्याने बरे झाले."

ताई चार घरची धुणीभांडी करतात. नळाला पाणी रात्री साडेअकराला येते. पिंप भरून आडवे व्हायला बारा वाजतात आणि पहाटे पाचला पुन्हा उठायचे असते. मालकांचे काम सुटलेले, बचत गटाचा हप्ता डोक्यावर. अंथरुणावर पडले तरी डोळा लागत नव्हता. मुलीने मोबाईलवर एक वाद्य लावून दिले. ताईंच्या शब्दांत, "दोन कढया तोंडाला तोंड लावून चिकटवल्यासारखे दिसते, पण आवाज असा की घंटा लांब कुठेतरी पाण्यात वाजते आहे." आठवडाभरात झोप लागू लागली. मग कुणीतरी सांगितले की या आवाजाने सगळे आजार जातात, बीपीसुद्धा. ताईंनी गोळी बंद केली. दहा दिवस झाले होते.

यंत्रावरचा वरचा आकडा १७०च्या पुढे गेला. ताईंना डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती, काहीच नव्हते. उच्च रक्तदाबाचे हेच कपट आहे. तो बहुतेकांना जाणवत नाही आणि आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांचे नुकसान करत राहतो. आम्ही ताईंना त्याच दिवशी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली.

परत येताना ताईंनी विचारले, "मग ते वाजवणे खोटेच का?" आम्ही म्हणालो, "खोटे नाही. झोप खरी लागली. पण जे काम त्याचे नाही ते तुम्ही त्याच्यावर टाकले." हँडपॅन नावाच्या त्या वाद्याचे काम कोणते आणि कोणते नाही, हे नीट समजावे म्हणून या महिन्याचे आरोग्य पान.

हे वाद्य आले कुठून?

हँडपॅन म्हणजे पोलादी पत्र्याचे दोन खोलगट अर्धगोल कडेला जोडून केलेले वाद्य. ते मांडीवर ठेवून हाताच्या बोटांनी हलके वाजवतात. वरच्या बाजूला मध्यभागी एक उंचवटा असतो, तो सर्वांत खर्जातला स्वर. त्याच्याभोवती सात-आठ ठिकाणी पत्रा ठोकून स्वर बसवलेले असतात. खालच्या बाजूला हवेसाठी एक गोल भोक असते. काठी लागत नाही, वीज लागत नाही.

त्याची आजी म्हणजे त्रिनिदाद बेटावरचे स्टीलपॅन. ही कथा आपल्या घरांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. त्रिनिदादमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची गुलामी १८३८ मध्ये पूर्णपणे संपली. पण त्यांचे ढोल राज्यकर्त्यांना खुपत होते. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन शहरात त्यांच्या उत्सवाच्या मिरवणुकीवरून पोलिसांशी मोठी झटापट झाली आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रज सरकारने ढोल वाजवण्यावर कायद्याने बंदी आणली. ढोल गेले तेव्हा लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० नंतरच्या दशकात बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पिंपाची झाकणे हाताशी आली. पत्र्याला पोचा पाडला की वेगळा स्वर निघतो, हे गरीब वस्त्यांतल्या पोरांनी ठोकून ठोकून शोधले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची रिकामी पिंपे आली आणि त्यातून पूर्ण सप्तकाचे वाद्य उभे राहिले. सुरुवातीला या वादकांना गुंड म्हणत, पोलीस त्यांच्या मागे लागत. १९५१ मध्ये त्यांचेच एक पथक लंडनच्या महोत्सवात वाजवायला गेले. १९९२ मध्ये स्टीलपॅन त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य झाले.

पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि साबिना शेरर हे दोघे अनेक वर्षे स्टीलपॅन बनवत होते. आपल्या दक्षिणेकडच्या घटमासारखे हाताने वाजणारे, पण स्वर असलेले पोलादी वाद्य करता येईल का, असे एका तालवादकाने त्यांना विचारले. त्या प्रयत्नातून २००० साली 'हांग' हे वाद्य तयार झाले. बर्नच्या बोलीत त्याचा अर्थ हात. इतर कारागिरांनी तशीच वाद्ये बनवायला घेतली आणि त्यांना हँडपॅन हे नाव पडले.

म्हणजे मोठ्या शहरांतल्या महागड्या शिबिरांत गादीवर पडून लोक जे ऐकतात, त्याचे मूळ एका हिरावलेल्या ढोलात आणि फेकलेल्या पिंपात आहे. ज्यांना माणूस मानले गेले नाही, त्यांनी ते घडवले. आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी वस्तीवस्तीत माणसे उभी केली. स्वतः बाबासाहेब एवढ्या कामाच्या रगाड्यात व्हायोलिन शिकत होते. संगीत ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे आपल्यापैकी कुणी मानू नये.

मन शांत का होते?

काळजी फक्त डोक्यात नसते. हप्त्याची तारीख जवळ आली की छाती धडधडते, श्वास वरच्या वर होतो, खांदे आणि जबडा आवळला जातो. संकटात पळायला किंवा लढायला शरीर जी तयारी करते तीच ही तयारी. पण हप्त्यापासून पळता येत नाही आणि रात्री बारा वाजता लढताही येत नाही. म्हणून ती तयारी तशीच ताणलेली राहते आणि झोप उडते.

हँडपॅनच्या आवाजात तीन गुण आहेत. पहिला, तो बोटांनी वाजतो, त्यामुळे खणखणाट नसतो आणि एक ठोका दिला की आवाज हळूहळू विरत जातो. ऐकणारा त्या विरण्याच्या मागे मागे जातो आणि त्याचा श्वासही लांबतो. दुसरा, एका हँडपॅनवर निवडक आठ-नऊ स्वरच असतात आणि ते एकमेकांशी जुळतील असेच घेतलेले असतात. त्यामुळे कानाला टोचणारे फारसे काही येत नाही, आणि शिकलेला नसलेला माणूसही वाजवू शकतो. तिसरा, त्यात शब्द नाहीत. गाण्याचे शब्द आठवणी ओढून आणतात. इथे मनाला पकडायला काही नसते.

हँडपॅनवर वेगळे वैद्यकीय संशोधन फारच थोडे आहे. शांत संगीतावर मात्र बरेच झाले आहे. जगभरच्या वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये निद्रानाशावरच्या १३ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात १,००७ माणसे होती. रोज संगीत ऐकणाऱ्यांची झोप सुधारल्याचे दिसले. त्याच संस्थेने २०१३ मध्ये ऑपरेशनच्या आधीच्या भीतीवरच्या २६ चाचण्या पाहिल्या. तिथेही संगीताने भीती कमी झालेली आढळली. २०१७ मध्ये नैराश्यावरच्या ९ चाचण्या तपासल्या, तेव्हा नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास फायदा होतो असे निघाले. यातला 'जोड' हा शब्द लक्षात ठेवा. उपचार काढून टाकून नव्हे, उपचारांच्या सोबत.

आणखी एक प्रयोग आम्हांला फार आवडला. इटलीतल्या संशोधकांनी २४ जणांना वेगवेगळे संगीत ऐकवले आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. संगीताची गती वाढली की श्वास आणि नाडी वाढत होती. पण मधेच दोन मिनिटे संगीत थांबवले, तेव्हा नाडी आणि रक्तदाब ऐकण्यापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली आले. सुरानंतरची शांतता अधिक गुणकारी ठरली. ध्यानाला बसणाऱ्या उपासक-उपासिकांना याचे नवल वाटणार नाही.

घरी कसे करावे?

दहा बाय बाराच्या खोलीत, सहा माणसांत, हे जमेल अशा बेताने आम्ही पुढची रीत ठरवली आहे.

१. वेळ एकच ठेवा. पाणी भरून झाल्यावर, दिवा मालवण्याआधी पंधरा-वीस मिनिटे. दोन आठवडे रोज करा, तरच फरक कळेल.

२. नुसते हँडपॅन असलेले, संथ आणि शब्द नसलेले वादन निवडा. ते आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. नाहीतर डोळा लागतो न लागतो तोच मधे जाहिरात किंचाळते आणि सगळे पाण्यात जाते.

३. मोबाईल हातभर लांब, पडदा खाली करून ठेवा. आवाज इतकाच की शेजारी बसलेल्याशी हळू बोलता यावे. इअरफोन लावलात तर आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि ते कानात ठेवून झोपू नका.

४. भिंतीला टेकून बसा किंवा आडवे व्हा. आधी जबडा सैल सोडा, मग खांदे, मग हाताच्या मुठी. दिवसभर पिळे पिळून आणि झाडू धरून बोटे आवळलेली असतात, ती उघडा.

५. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. गुदमरल्यासारखे वाटले तर मोजणे सोडून द्या, श्वास आपसूक चालू द्या.

६. मधेच हप्ता आठवेल, मुलाची फी आठवेल. स्वतःवर चिडू नका. "आठवले" एवढे मनात म्हणा आणि पुढच्या ठोक्यावर परत या.

७. वादन संपले की लगेच मोबाईल उचलू नका. दोन मिनिटे नुसते पडून राहा. वर सांगितलेली शांतता ती हीच.

वहीत रोज दोन ओळी लिहा : किती वाजता पडलो, रात्री किती वेळा जाग आली. रिक्षा चालवताना किंवा यंत्रावर काम करताना हे ऐकू नये.

वाद्य विकत घ्यायची गरज नाही. चांगल्या हँडपॅनची किंमत लाखाच्या घरात जाते. त्यासाठी कर्ज काढणे म्हणजे झोप यावी म्हणून झोप उडवणारी वस्तू घरात आणणे. हाताला काम दिले की मन थांबते, हा अनुभव फुकट मिळतो. दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवा. उजवा, डावा, उजवा, डावा असे सेकंदाला एक या गतीने हलके थोपटा आणि हळूहळू गती कमी करत न्या. घरात रिकामे मडके असेल तर ते मांडीवर घेऊन बोटांनी वाजवा. मुलांना हे फार आवडते. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्यासोबत पाच मिनिटे बसा.

रडू आले तर

शांत झाल्यावर पुष्कळांना रडू येते. दिवसभर दाबून ठेवलेले वर येते. गेलेले माणूस आठवते, कामाच्या ठिकाणी झालेला अपमान आठवतो. रडू द्या. रडणाऱ्याला "गप्प बस" म्हणू नका, पाठीवर हात ठेवा आणि पाणी द्या.

पण मारहाणीचे, अत्याचाराचे किंवा एखाद्या भयंकर प्रसंगाचे चित्र डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभे राहत असेल, अंग थरथरत असेल, तर वादन बंद करा. डोळे उघडा, पाय फरशीला टेकवा, घरातल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या. अशा जखमेवर एकट्याने सूर ऐकून भागत नाही, जाणकार माणसाची मदत लागते.

इथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. ज्या दुःखाचे कारण बाहेर आहे, ते कारण संगीताने जात नाही. थकलेला पगार, जातीवरून ऐकवलेला शब्द, घरातली मारझोड, यांवर तक्रार, कायदा आणि संघटना हेच उपाय आहेत. "शांत राहा, सगळे विसरा" असे सांगणारे संगीत आपल्याला नको. संगीत हवे ते एवढ्यासाठी की रात्री झोपलेला माणूस सकाळी तक्रार लिहायला ताठ बसू शकतो.

सूर काय करत नाहीत?

हँडपॅनने रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, टीबी यांपैकी एकही आजार बरा होत नाही. ४३२ हर्ट्झचा सूर शरीर दुरुस्त करतो असा एक बोलबाला आहे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. वाद्ये बहुधा ४४० हर्ट्झच्या सुराला धरून लावतात, काही जण ४३२ला लावतात. फरक एवढाच की सूर किंचित खाली येतो. त्यात रोग हटवण्याची शक्ती असल्याचा पुरावा नाही. चक्रे उघडतात, ग्रह शांत होतात, वाद्याजवळ ठेवलेले पाणी औषध बनते, असे म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. गंडेदोरे सोडून आपण धम्मात आलो, ते नव्या वेष्टनातला गंडा बांधून घ्यायला नव्हे.

कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण विहारात नेहमी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. तीच पारख इथे लावा. झोप सुधारली का, हे तुमची वही सांगेल. रक्तदाब कमी झाला का, हे मन सांगणार नाही, यंत्र सांगेल. आकडे खरोखर चांगले येऊ लागले, तरी गोळी कमी करायची का ते डॉक्टर ठरवतील.

विहारात चालेल का?

काही ज्येष्ठ उपासकांनी शंका काढली की शीलात वादन वर्ज्य आहे ना? अष्टशीलातले सातवे शील नृत्य, गायन, वादन यांपासून अलिप्त राहण्याचे आहे. म्हणून उपोसथाला अष्टशील घेणाऱ्यांनी त्या दिवशी हे ऐकू नये, आनापान करावे. रोजच्या पंचशीलात तसा नियम नाही. मात्र हँडपॅन ऐकणे म्हणजे ध्यान नव्हे, हेही समजून घ्यावे. आनापानात मन श्वासावर टिकवायचे असते, तिथे बाहेरचा सूर लागत नाही. दमलेल्या, अस्वस्थ माणसाला बसता येईल एवढी जागा हा सूर करून देतो. पुढचा रस्ता साधनेचा आहे.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट इथे आठवते. तो श्रीमंताच्या घरचा, मऊ पायांचा. राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करून करून त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. घरी असताना तो वीणा वाजवत असे, हे तथागतांना ठाऊक होते. तार फार ताणली तर वीणा वाजते का, फार ढिली सोडली तर वाजते का, असे त्यांनी त्याला विचारले. दोन्ही वेळा उत्तर नाही असे आले. प्रयत्नाचेही तसेच, हे सोणाला त्याच्याच वाद्यातून कळले. आमच्या वस्तीतल्या बहुतेक माणसांची तार फार ताणलेली आहे. ती थोडी सैल करणे म्हणजे आळस नव्हे.

दवाखान्यात कधी जावे?

दोन आठवडे करूनही झोप येत नसेल. कामात, जेवणात, माणसांत मन लागत नसेल. छातीत दुखत असेल. नसलेले आवाज ऐकू येत असतील. दारू वाढली असेल. अशा वेळी थांबू नका. जगणे नको वाटत असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये.

केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची तपासणी होते. राज्य सरकारची मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. तिथे जाण्यात लाज नाही. हाड मोडले तर आपण लाजत नाही.

गेल्या रविवारी त्या ताई पुन्हा आल्या. गोळी चालू आहे, वादनही चालू आहे. वहीत लिहिले होते : 'रात्री एकदाच जाग.' यंत्रावरचा आकडा खाली आलेला होता, अजून थोडा यायचा आहे. श्रेय कुणाचे, असे आम्ही विचारले. ताई हसून म्हणाल्या, "गोळी गोळीचे काम करते, सूर सुराचे. मी दोघांनाही सुट्टी देत नाही."

पुढच्या तपासणीला येताना प्रत्येकाने आपली वही आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत.

जय भीम! नमो बुद्धाय!